साथीचा काळ आणि माहितीचा भार : पेण व रोहा परिसर

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचे रोगी ओळखले. पुढे शहर सोडणाऱ्या कष्टकऱ्यांबरोबर रोगाच्या वार्ताही कोकणात उतरल्या. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील खेडुतास मिळणारी माहिती बहुधा तोंडी असे. दवंडी पिटली जाई, ऐकली जाई आणि विरून जाई. १९८१ पासून रायगड म्हणविणाऱ्या याच जिल्ह्यात २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा मात्र माहिती विरत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्येच माहितीच्या या अतिरेकास साथीची उपमा दिली होती. तथापि परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींवरील ताणाचे मूळ केवळ माहितीच्या विपुलतेत शोधणे अपुरे ठरेल. टाळेबंदीत वर्ग बंद पडून पेण-रोह्याकडील आपल्या गावी परतलेली मुलगी गावाच्या लेखी 'नर्सबाई'च होती. शंका तिलाच विचारल्या जाणार. रोग्यास घरी सोडण्याचे निकष ८ मे २०२० रोजी बदलले. सौम्य लक्षणांच्या रोग्यास पुनर्तपासणीची अट उरली नाही. रक्तद्रव उपचार मे २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. नवी सूचना येई, पण जुनी परत जात नसे. दोन्ही एकाच भ्रमणध्वनीत शेजारी शेजारी नांदत.

शब्दांनी या घोळात भरच घातली. शासकीय मराठीत संशयितासाठी 'अलगीकरण' व बाधितासाठी 'विलगीकरण' असा भेद होता. एका अक्षराचा हा भेद पाळला जाईल, ही अपेक्षाच धाडसाची! वृत्तपत्रांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येत. इंग्रजी संज्ञा पाठ केलेल्या विद्यार्थिनीस त्यांचा उलगडा आगरी बोलणाऱ्या आजीबाईंपुढे करावयाचा, आणि संशयित म्हणजे बाधित नव्हे हेही पटवावयाचे, हे काम कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागनजीक किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज व दूरध्वनी बंद पडले. संदेश थांबले, शंका थांबल्या नाहीत. याच सुमारास, ५ जून रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांच्या मुखपट्टीविषयीचा आपला सल्ला बदलला. भारतात सार्वजनिक ठिकाणी ती एप्रिलपासूनच सक्तीची होती.