झिजू नये ते का झिजते? प्लॅटिनम, शिसे आणि आपले रक्त

देवपुरातले एक निवृत्त विज्ञानशिक्षक माझे जुने पेशंट आहेत. मागच्या महिन्यात ते थेट गॅरेजमधून दवाखान्यात आले आणि बीपी चांगलेच वाढलेले निघाले. "डॉक्टर, मेकॅनिक म्हणतो गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद झाला, नवा टाका. अहो, तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की उत्प्रेरक अभिक्रिया घडवतो, पण स्वतः खर्च होत नाही. मग हा संपला कसा?"

सरांनी शिकवले ते बरोबरच होते. उत्प्रेरक खर्च होत नाही. त्याला विषबाधा होते. ही उपमा नाही, रसायनशास्त्रातही हाच शब्द वापरतात. आणि या विषाची गोष्ट तुमच्या-माझ्या रक्तापर्यंत येते, म्हणून आज आरोग्याच्या लेखात ती सांगतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टलचा पेरेग्रिन फिलिप्स हा व्हिनेगरचा व्यापारी. गंधकाचा धूर आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून नेली की गंधकाम्ल स्वस्तात बनवता येते, असे पेटंट त्याने १८३१ साली घेतले. कल्पना अचूक होती, पण कारखान्यात प्लॅटिनम लवकरच निकामी होई. अनेक दशके ती कागदावरच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील बीएएसएफ कंपनीच्या रुडॉल्फ क्निट्शने खरा गुन्हेगार पकडला. खनिज भाजताना निघणाऱ्या वायूत आर्सेनिकचा, म्हणजे आपल्या सोमलातल्या विषाचा, अंश होता. वायू आधी नीट धुऊन घेतल्यावर प्लॅटिनम टिकू लागले.

हे घडते कसे? एसटीची गाडी डोळ्यांसमोर आणा. प्रवासी बसतो, आपल्या गावी उतरतो, जागा पुढच्याला मिळते. उत्प्रेरकाचा पृष्ठभाग म्हणजे अशा लाखो जागा. वायूचे रेणू तिथे टेकतात, एकमेकांशी जुळतात आणि निघून जातात. आर्सेनिक किंवा शिसे बसले की उठतच नाही. गाडी तीच, सीटही तीच, पण नवा प्रवासी घेता येत नाही.

दुसरे कारण उष्णता. जळगावच्या सराफाला विचारा: सोन्याचा कीस वितळवून गोळा केला तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभाग कितीतरी कमी होतो. अतितापाने प्लॅटिनमचे सूक्ष्म कणही असेच एकमेकांत मिसळतात. वर धूळ, राख, काजळी बसते ती वेगळीच. गंधकाम्लाच्या कारखान्यात पुढे प्लॅटिनमच्या जागी व्हॅनेडियम आले, तरी कारखाना बंद ठेवून ते चाळावे लागते आणि तूट नव्या मालाने भरावी लागते.

आता मोटारीकडे या. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिज्लीने इंजिनाची ठकठक थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातले. १९२४ मध्ये हे संयुग बनवणाऱ्या न्यू जर्सीतील एका कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही शिसे पेट्रोलमध्ये राहिले, आणि अर्धे शतक राहिले! १९५० च्या दशकात यूजीन हूद्रीने धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर बनवला, पण शिशाच्या पेट्रोलवर तो टिकेना. शेवटी धुराचे कायदे कडक झाले, १९७५ पासून अमेरिकी मोटारींना कन्व्हर्टर बसू लागले आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल द्यावे लागले. माणसांच्या मृत्यूने जे झाले नाही, ते एका डब्याच्या विषबाधेने घडवायला सुरुवात केली. हे लिहिताना मला आजही राग येतो.

परिणाम रक्तात दिसला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकी लोकांच्या रक्तातील शिसे सरासरी ३७ टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि बिनशिशाचे पेट्रोल सुरू झाले. मी तेव्हा नुकताच एमबीबीएस झालो होतो. देशभर, म्हणजे आपल्या धुळ्यालाही, शिसे गेले ते १ फेब्रुवारी २००० ला. (आग्रा रोडवरच्या ट्रकांवर याचे खापर फोडू नका. डिझेलमध्ये हे शिसे नव्हतेच, ते स्कूटर आणि मोटारींच्या पेट्रोलमध्ये होते.)

शरीरातही उत्प्रेरक असतात, त्यांना आपण एन्झाइम म्हणतो. रक्तातले हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका एन्झाइममध्ये जस्ताचा अणू असतो. शिसे त्या जागी जाऊन बसते आणि काम थांबते. पुन्हा तीच एसटीची सीट! त्यातून पंडुरोग होतो. लहान मुलांच्या मेंदूवरचा परिणाम त्याहून वाईट, कारण तो भरून येत नाही. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही.

पेट्रोलमधून शिसे गेले, घराजवळून गेलेच असे नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे, शिसे वितळवण्याचे काम घराच्या अंगणात करू नका. असे काम करत असाल तर कपडे बदलून, अंघोळ करून मगच मुलाला जवळ घ्या. मूल फिकट दिसत असेल, वारंवार पोट दुखत असेल किंवा माती, रंगाचे पोपडे खात असेल, तर डॉक्टरांना हे काम आवर्जून सांगा. रक्ताच्या तपासणीत शिसे मोजता येते, पण त्यासाठी शंका यावी लागते.

सरांच्या गाडीत शिसे नव्हते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, असे मी विचारले. येत होता. इंजिन ऑइल जाळत होते, आणि ऑइलमधले फॉस्फरस कन्व्हर्टरवर थर धरते. नवा कन्व्हर्टर टाकला असता तरी त्याचीही तीच गत झाली असती. मेकॅनिकने दुसरा उपायही सुचवला होता: डबा काढून सरळ पाइप जोडायचा. तो मी मोडीत काढला. घराला लागूनच शेड आहे, सकाळी गाडी तिथेच सुरू करतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आधी इंजिन दुरुस्त, मग कन्व्हर्टर, असे ठरले. खर्चाचा आकडा ऐकून झाल्यावर बीपी पुन्हा मोजले नाही. पंधरा दिवसांनी बोलावले आहे.