टॉर्पेडोच्या दुसऱ्या टोकाला आपली माणसं होती

परवा आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील आली. एरिक हार्टमान, जर्मन वैमानिक, ३५२ विमानं पाडली. खाली पोरांच्या कमेंटा : 'नाद खुळा', 'वाघ'. दोन दिवसांनी दुसरी रील, पाणबुडीच्या कॅप्टनची. त्यालाही तेवढेच लाइक.

आकडा खोटा नाही. दुसऱ्या महायुद्धात हार्टमानइतकी विमानं कुणीच पाडली नाहीत. पण आकडा एवढा मोठा का, ते रील सांगत नाही. ब्रिटिश-अमेरिकन वैमानिकाला ठरावीक फेऱ्या झाल्या की मागे घेत, नव्या पोरांना शिकवायला लावत. जर्मन वैमानिक मरेपर्यंत, नाहीतर युद्ध संपेपर्यंत उडतच राहिला. हार्टमानच्या मोहिमा १,४०० च्या घरात गेल्या आणि युद्धानंतर रशियाच्या कैदेत दहा वर्षं. म्हणजे त्या आकड्यात जसं कसब आहे, तसं माणसं संपवणारं सरकारही आहे.

पाणबुडीवाल्यांचं तर विचारूच नका. जवळपास ४०,००० जण जर्मन पाणबुड्यांवर गेले, त्यातले सुमारे ३०,००० परत आलेच नाहीत. चारातले तीन!

त्यांच्या पदकांची उतरंड होती. नाइट्स क्रॉस, त्यावर ओकची पानं, त्यावर तलवारी, त्यावर हिरे. हिऱ्यांपर्यंत अख्ख्या जर्मन सैन्यात फक्त २७ जण पोचले. पाणबुडीचे कॅप्टन त्यात दोनच. त्यातला एक वोल्फगांग ल्यूथ. १९४३ मध्ये हा गडी यू-१८१ घेऊन २०६ दिवस समुद्रावर होता, तोही आपल्या हिंदी महासागरात. चाळीसहून जास्त जहाजं त्याच्या नावावर. पक्का नाझी. शेवट कसा झाला? जर्मनीनं शरणागती पत्करल्यावर, १४ मे १९४५ च्या रात्री, पहारेकऱ्यानं हटकलं, यानं उत्तर दिलं नाही, आणि स्वतःच्याच सैनिकाची गोळी लागली.

आता मुद्द्याचं. वैमानिकाचा हिशोब विमानांत, तसा पाणबुडीवाल्याचा टनांत. युद्धाच्या सुरुवातीला एक लाख टन बुडवलं की नाइट्स क्रॉस, असा ढोबळ हिशोब होता. पण टन म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, मंडळी. त्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारोंनी भारतीय खलाशी होते. आंबा घाट उतरून खाली गेलं की ज्या रत्नागिरीत आपण आंबे आणायला जातो, तिथल्या गावागावांतून माणसं डेकवर कामाला जात. सारंग, तांडेल, खलाशी हे शब्द तिथे आजही जिवंत आहेत. गोव्याची माणसं स्वयंपाकघरात आणि वाढपी म्हणून. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी, टॉर्पेडो मात्र तोच.

१७ सप्टेंबर १९४०. लिव्हरपूलहून कॅनडाला निघालेलं 'सिटी ऑफ बनारस'. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला पाठवलेली ९० मुलं त्यावर होती. हाइनरिख ब्लाइखरोटच्या यू-४८ नं ते रात्री बुडवलं. त्यातली ७७ मुलं गेली. त्यांच्याबरोबर भारतीय खलाशीही मोठ्या संख्येनं गेले. एक होडी आठ दिवस अटलांटिकमध्ये तरंगत राहिली. तिच्यात सहा मुलगे होते आणि निम्म्याहून जास्त माणसं भारतीय खलाशी. पुढच्याच महिन्यात ब्लाइखरोटला नाइट्स क्रॉस मिळाला. मुलांवर इंग्लंडमध्ये पुस्तकं आली. खलाशांची नावं किती जणांना माहीत आहेत?

आणखी एक सांगतो, जरा अवघड आहे. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून 'तिलावा' नावाचं प्रवासी जहाज आफ्रिकेला निघालं. तीन दिवसांनी जपानी पाणबुडीनं ते बुडवलं. २८० माणसं गेली. ती पाणबुडी आय-२९. पाचच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात नेताजी जर्मन पाणबुडीतून ज्या जपानी पाणबुडीत चढले, ती हीच. नेताजींच्या धाडसाला यानं तसूभर बाधा येत नाही. पण 'शत्रूचा शत्रू तो आपला मित्र' हे समीकरण समुद्रावर किती सोपं नव्हतं, ते कळतं.

त्या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी आणि नौसैनिक गेले. त्यांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात आहे. सीएसएमटीच्या पुढचंच स्टेशन. मुंबईला आपण दहा कामांसाठी जातो, तिथे कोण जातं?

पोरांनो, रील बघू नका असं मी म्हणणार नाही. त्या वैमानिकांचं, कॅप्टनचं कसब खरंच होतं. फक्त पुढच्या वेळी ३५२ किंवा अमुक लाख टन असा आकडा दिसला, की त्या जहाजाच्या पोटात कोण होतं, एवढं एकदा विचारा.

आणि ज्यांचं आजोळ, सासर कोकणात आहे त्यांना विनंती. घरातलं कुणी त्या काळी बोटीवर गेलं आणि परतलं नाही असं ऐकलं असेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारून नाव, गाव, जहाज लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.