सदाफुली : औषधी वनस्पतींच्या पेशी-विषाक्ततेच्या इतिहासातील एक प्रकरण

पारंपरिक औषधी वनस्पतींच्या आधुनिक संशोधनात दोन प्रश्न प्रामुख्याने विचारले गेले : वनस्पतीतील द्रव्ये पेशीचे रक्षण करतात काय आणि ती पेशीस मारक ठरतात काय? हे दोन्ही प्रश्न एकत्रच का विचारावे लागतात, हे सदाफुलीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात अंगणोअंगणी फुलणारी सदाफुली मूळची मादागास्करची. अनेक देशांत तिच्या पाल्याचा काढा मधुमेहावर घेतला जात असे. १९५२ मध्ये कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमैकाहून ही पाने आली व त्यांनी ती आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपविली. वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील प्रयोगांत तोंडावाटे दिलेल्या अर्काचा उंदरांच्या रक्तशर्करेवर विशेष परिणाम दिसला नाही. मात्र अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. अर्कामुळे अस्थिमज्जेचे कार्य मंदावून रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. संशोधकांनी या अपयशाचाच पाठपुरावा केला, ही निर्णायक बाब होय. चार्ल्स बिअर यांच्या सहकार्याने १९५८ पर्यंत व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. इलाय लिली कंपनीत विकसित झालेल्या व्हिन्क्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ट्यूब्युलिन या प्रथिनाशी जोडली जाऊन ही द्रव्ये पेशीविभाजन रोखतात. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही दिले जाते. मज्जातंतूंची हानी हा त्याचा गंभीर दुष्परिणाम आहे.

१९५८ मध्येच मार्सडेन ब्लॉइस यांनी प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये मोजण्याची डीपीपीएच पद्धती मांडली. तीत मुक्त मूलकाचे जांभळे द्रावण फिके होऊन पिवळे पडते. १९८३ मध्ये टिम मॉसमन यांनी मांडलेल्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या द्रव्यात रूपांतर करतात. यांपैकी पहिली चाचणी सोपी व अल्पखर्चिक असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळांत रूढ झाली.

सदाफुलीच्या पानांत फिनॉलिक द्रव्येही असल्याने तिचा अर्क डीपीपीएच चाचणीत गुणकारी दिसतो. परंतु त्याच पानांतील मारक अल्कलॉइडांची वार्ता ही चाचणी देत नाही. म्हणून केवळ तिच्या आधारे एखादी वनस्पती सेवनास सुरक्षित ठरविणे अशास्त्रीय होय. तसेच काचपात्रातील कर्कपेशी मेल्या, एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही. निरोगी पेशींवरील परिणाम, मात्रा आणि सजीव शरीरातील वर्तन तपासावेच लागते. परंपरेने सदाफुलीच्या पानाकडे लक्ष वेधले. परंतु त्याचा खरा गुण आणि धोका कळला तो प्रतिकूल निष्कर्षाची प्रामाणिक नोंद ठेवल्यामुळे.