उडालेले छप्पर आणि उताऱ्यावरचे नाव

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर वेगाचा वारा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्या-वस्त्या झोडपून गेला. १८९१ नंतर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एवढे मोठे वादळ आले नव्हते. म्हणजे गावात हयात असलेल्या कुणाच्याही आठवणीत, किंवा त्याच्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीत, असे काही नव्हते. भांबावलेपणाचे एक कारण हेच असावे.

कोकणात वादळे नवी नाहीत. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या बाजूला जे तुफान झाले त्याचे वर्णन पोर्तुगीजांनी करून ठेवले आहे. चर्चची छपरे उडाली, जहाजे फुटली. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात मुंबईत चार तासांत सुमारे पाच लाख पौंडांची मालमत्ता गेली आणि हजारभर माणसे मेली, अशी नोंद सापडते. पुढे नोव्हेंबर १९४८ चे वादळ आहे, ११ नोव्हेंबर २००९ चे फयान आहे. पण या जुन्या नोंदी कुणाच्या नुकसानीच्या आहेत? जहाजे, गोदीतला माल, चर्च, सरकारी इमारती. ज्याच्या मालाचा हिशेब कुठल्या तरी वहीत आधीच लिहिलेला होता, त्याच्याच नुकसानीचा आकडा निघाला. खलाशाच्या घरावरचे गवत किंवा नळे उडाले तर ते कुणी मोजले नाहीत. तो माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच छपरावर चढला, एवढाच त्याचा इतिहास.

एक गंमत पाहा. या साऱ्या व्यवहाराची मराठी भाषा बव्हंशी अरबी-फारसीतून आलेली आहे. तुफान हा शब्द हजरत नूह यांच्या कथेत कुराणात येतो. नुकसान, मालमत्ता, मिळकत, वारस, हिस्सा, महसूल हे सगळे आपल्या घरातले शब्द. पंचनाम्यातले पंच इथले आणि नामा फारसीतला. शेतकऱ्याला संकटात मिळणारी तगाई ही मूळची तकावी, म्हणजे कुव्वत देणारी रक्कम. इंग्रजांनी १८८४ च्या कायद्याने तिला नियमांत बसवले. ती शेतीसाठी होती आणि ती कर्ज होती, फेडावी लागे. कर्ज द्यायचे तर जमीन कुणाची हे आधी पाहावे लागे. कागदावरचे नाव आणि संकटातली मदत यांची गाठ अशी जुनी आहे.

निसर्गचा मार बसला तो मुलूख पूर्वीच्या जंजिरा संस्थानातला. श्रीवर्धन आणि म्हसळा १९४८ पर्यंत सिद्दी नवाबाच्या अमलाखाली होते. इथल्या मुसलमान घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजावर गेले, नंतर आफ्रिकेला, नंतर आखातात. बाहेरचा पैसा प्रथम छपरावर दिसे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल, खाचेची कौले गलबतांतून किनाऱ्याने वर आली. ज्याच्या घरावर मंगलोरी कौले त्याचा मुलगा बोटीवर, असा हिशेब गावात सोपा होता. घर बांधले जाई, घरपट्टी आजोबांच्या नावाने लागे, वाडीचा सातबाराही त्यांच्याच नावाने. आजोबा गेले तरी नाव राहिले.

माझ्या फुफीचे घर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात आहे. नवऱ्याच्या मागे तीस वर्षे ती माहेरच्या त्या घरात एकटी राहते. वादळ आले तेव्हा ती माजघरात धान्याच्या कोठीशेजारी बसून होती. आधी कौले सुटली, मग रिपा, मग एक आढे मोडून ओटीवर आले. संध्याकाळी वारा पडल्यावर ती बाहेर आली तेव्हा तिला समुद्र दिसला. एरवी घरातून समुद्र दिसत नसे, मध्ये सुपाऱ्या होत्या.

टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून आम्हाला निघता येईना, विजेचे खांब आडवे, फोन लागेना. वादळानंतर दोन दिवसांनी मुख्यमंत्र्यांनी रायगडसाठी तातडीचे शंभर कोटी जाहीर केले. नंतर दरही वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, थोड्या पडझडीला पंधरा हजार, फळबागेला हेक्टरी अठरा हजारांऐवजी पन्नास हजार. हे दर पूर्वीपेक्षा चांगले होते हे मान्य करायला हवे. पण हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, आणि आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. ओरड झाल्यावर झाडागणिक दर ठरला: नारळाला अडीचशे, सुपारीला पन्नास. सत्तर सुपाऱ्या गेल्या असतील तर साडेतीन हजार. सुपारीचे रोप धरायला सहा-सात वर्षे घेते आणि मग दोन पिढ्यांना पुरते. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव दूरवर आहे, ते त्या दोन पिढ्यांच्या जोरावर.

पंचनामा करायला माणसे आली. त्यांनी फोटो काढले, मोजमाप घेतले, सौजन्याने वागले. मग विचारले, घरपट्टी कुणाच्या नावे? फुफीने वडलांचे नाव सांगितले. ते हयात आहेत? ते वारल्याला अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

इथून पुढे नुकसान वादळाचे राहिले नाही. वारस कोण? माझे वडील आणि चाचा, दोघेही मुंबईत. एक चुलतभाऊ कुवेतमध्ये. मोठ्या फुफीची मुले केपटाऊनला, त्यांतल्या दोघांना गाव कुठे आहे हेही नीट ठाऊक नाही. सर्वांची संमतीपत्रे हवीत. विमाने बंद, नोटरी बंद. मोबाइलवर सह्यांचे फोटो आले, ते कार्यालयात चालले नाहीत. त्या कारकुनाला मी तेव्हा फार बोललो. आता वाटते, तो चुकीचे काय बोलत होता? उद्या दुसऱ्या हिस्सेदाराने येऊन माझे पैसे कुठे म्हणून विचारले असते तर त्याने काय दाखवायचे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. आपल्यात किती घरांनी कळवले? मिरासचे हिस्से आपल्याला तोंडपाठ असतात. मुलाला दोन, मुलीला एक, विधवेला आठवा. मौलवीसाहेबांना विचारून कागदावर मांडतोही. पण फेरफार करायला गेलो तर बहिणीचे नाव चढेल, मग ती मागेल, या भीतीने दफ्तराकडे कुणी जात नाही. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, तिचा आडोसा घेणारेही मी पाहिले आहेत. वडील हयात असताना त्यांना हे मी एकदा बोललो. ते म्हणाले, "घर आपाचंच आहे, तिला कोण उठवणार?" खरेच, तिला कुणी उठवले नाही. वाऱ्याने छप्पर नेले तेव्हा मात्र घर तिचे आहे हे दाखवायला तिच्याजवळ एक चिठोरेही नव्हते.

गावातल्या जमातीने ताडपत्री दिली, मशिदीत तांदूळ-डाळीचे वाटप झाले. शेजारच्या कोळीवाड्यातल्या मुलांनी आढे उचलले. पत्रे कुठे मिळेनात, मिळाले तर भाव चढलेले. शेवटी चाचांनी पैसे धाडले आणि पुढच्या निम्म्या घरावर निळे पत्रे पडले. मागच्या बाजूला उरलेली कौले राहिली. १६ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याने वर सरकले तेव्हा त्यांतलीही काही गेली. तोवर सानुग्रह रकमेचा विषय आमच्यापुरता संपला होता.

वारसनोंद झाली ती २०२३ मध्ये. फुफीला मी उतारा वाचून दाखवला. अकरा नावे आहेत, तिचे चौथे. तिने ते बोटाने दोनदा शोधले. मग विचारले, "आता तुफान आलं तर अकराही जणांना यावं लागेल?" मी म्हणालो, सही तरी करावी लागेल. ती हसली आणि वाडीत लावलेल्या रोपांना पाणी घालायला गेली. तीस रोपे लावली होती, सव्वीस जगली आहेत.