सरपणासाठी साखळी करवत (अहिल्यानगर जिल्हा)

साखळी करवत हे लांबट पात्याच्या कडेने वेगाने फिरणाऱ्या दातेरी साखळीच्या साहाय्याने लाकूड कापणारे हातयंत्र आहे. बाजारात व बोलण्यात त्यास ‘चेनसॉ’ म्हणतात. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्याच्या ग्रामीण भागात चुलीसाठी आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबासाठी आजही सरपण लागते. ते तोडण्यासाठी पेट्रोलवर चालणारी आणि बॅटरीवर चालणारी असे या यंत्राचे दोन प्रकार उपलब्ध आहेत. या लेखात घरगुती सरपणापुरती त्यांची तुलना केली आहे.

इतिहास
विजेची करवत हे अलीकडचे नावीन्य समजले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली आणि त्यांची पेट्रोल करवत त्यानंतर, १९२९ मध्ये आली. ही आरंभीची यंत्रे चालवण्यास दोन माणसे लागत. बॅटरीवरील आजची करवत शक्य झाली ती लिथियम-आयन बॅटरीमुळे.

जिल्ह्यातील सरपण
जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागांत बांध, ओढे व पडीक जमिनींवर वेडी बाभूळ मोठ्या प्रमाणात आढळते. तिच्या जोडीला बाभूळ, सुबाभूळ आणि कडुनिंब यांच्या वाळलेल्या फांद्या सरपणास येतात. यांतील बहुतांश फाटा मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचा असतो. वादळात पडलेला जाड बुंधा क्वचितच वाट्याला येतो. यंत्राची निवड करताना हीच बाब प्रथम पाहावी, कारण विक्रेते बहुधा इंजिनाच्या आकारावरच भर देतात. करवतीने लाकडाचे आडवे तुकडे होतात. ढलप्या काढण्यासाठी कुऱ्हाड, पाचर व घण लागतातच.

शक्ती व खर्च
बाजारातील पेट्रोल करवती साधारणतः ५२ ते ५८ सीसी क्षमतेच्या व १८ ते २२ इंच पात्याच्या असतात. ३६ ते ४० व्होल्टच्या बॅटरी करवतीचे पाते बहुधा १२ ते १६ इंचांचे असते. त्याहून लहान, ४ ते ६ इंच पात्याची ‘मिनी’ करवत केवळ फांद्या छाटण्यास योग्य होय. अशा करवतींवर ‘४८ व्हीएफ’ वा ‘८८ व्हीएफ’ असे छापलेले असते. ते व्होल्ट नव्हेत. आतील पाच घटांचा दाब पूर्ण भारित अवस्थेत २१ व्होल्टच भरतो.

३६ व्होल्ट व ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १८० वॉट-तास, म्हणजे ०.१८ युनिट वीज साठते. लहान इंजिनात पेट्रोलच्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा कामी येतो, हे लक्षात घेतल्यास ही बॅटरी सुमारे १०० मिलिलिटर पेट्रोलइतके काम देते. आठवड्याच्या सरपणास ते पुरू शकते. संपूर्ण झाड तुकड्यांत कापण्यास पुरत नाही. विजेचा खर्च नगण्य असला तरी बॅटरी महाग असते आणि काही शे भारणांनंतर तिची क्षमता घटते. शेतीपंपांची वीज ठरावीक तासच मिळते, म्हणून भारण घरच्या जोडणीवर करावे लागते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली बॅटरी तशीच भारणास लावू नये.

इंधनाचा प्रश्न
पेट्रोल करवतीचे इंजिन द्विघाती असते. त्यात पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात, बहुधा १:२५ ते १:५०, तेल मिसळावे लागते. साधे पेट्रोल घातल्यास इंजिन जाम होते. दुसरी अडचण इथेनॉलची आहे. सध्या पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जिल्ह्यातील साखर कारखान्यांना या धोरणाचा लाभ असला, तरी अनेक करवत-उत्पादकांनी इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या मिश्रणाने कार्बोरेटरमधील पडदे कडक होतात व दिवाळीनंतर दोरी कितीही ओढली तरी यंत्र सुरू होत नाही. त्यामुळे यंत्र ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करून उरलेले इंधन इंजिन चालवून संपवणे आवश्यक ठरते. वर्षातून मोजकेच दिवस वापर असणाऱ्या घरांसाठी बॅटरी करवतीची खरी सोय येथे आहे, शक्तीत नव्हे.

साखळीला स्वतंत्र तेल दोन्ही प्रकारांत लागते. वाळलेल्या बाभळीने, मातीने आणि झाडात रुतलेल्या कुंपणाच्या तारेने दाते लवकर बोथट होतात. ते साखळीच्या मापाच्या गोल कानशीने घासावे लागतात.

धोके
पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला, तर पाते क्षणात उसळून चालकाच्या चेहऱ्याकडे येते. मोठ्या करवतींत यासाठी पुढील दांड्याशी जोडलेला साखळी-रोधक असतो. अनेक मिनी करवतींत तो नसतो. शिवाय त्या एका हाताने चालवल्या जात असल्याने फांदी धरलेला दुसरा हात साखळीच्या वाटेत येतो. आवाज नाही म्हणून त्यांस निरुपद्रवी मानणे घातक आहे. पदर, उपरणे वा धोतराचा सोगा साखळीत ओढला जाऊ शकतो. पेट्रोल करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कर्णरक्षक अनिवार्य समजावेत. तिच्या तापलेल्या सायलेन्सरने वाळलेले गवत पेटू शकते.

कायदा व ग्रामनियम
महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन, खैर इत्यादी अनुसूचित वृक्ष स्वतःच्या शेतातही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वेडी बाभूळ या अनुसूचीत नाही. अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड व कर्जत तालुक्यातील रेहेकुरी या अभयारण्यांत वृक्षतोडीस मनाई आहे.

राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी स्वीकारली. नियमाच्या नावात कुऱ्हाड असली तरी त्याचा रोख जिवंत झाड तोडण्यावर आहे. म्हणून कुऱ्हाडीचे दिवसभराचे काम काही मिनिटांत करणाऱ्या करवतीलाही तो तितकाच लागू होतो.