अननसाची वाट

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या अंमलातून मुक्त झाले. दमणहून नगर हवेलीस जाण्याच्या वाटेचा वाद पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६० च्या निर्णयाप्रमाणे ती वाट खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना होती. सैन्याला व शस्त्रांना नव्हती.

फळाला मात्र वाट फार पूर्वीच मिळाली होती. दक्षिण अमेरिकेतला अननस पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला, आणि नावही त्यांच्याच भाषेतून घेऊन आला.

केळे आपले प्राचीन. पिकले केळे दूधसाखरेत कुस्करले की मराठी घरी शिकरण होते. नारळाचा रस व गूळ घातला की कोकणी घरी रसायन. अननसाला ही दुधाची रीत मानवेना, कारण कच्च्या अननसाने दूध नासते. तेव्हा गृहिणींनी त्याच्या फोडी साखरेत शिजवून शिऱ्यात घातल्या. सत्यनारायणाच्या प्रसादातील केळ्याच्या शिऱ्याने ती वाट आधीच घालून दिली होती.

राज्य गेले, अननस राहिला. त्याच्या ऋतूत साध्या शिऱ्याचे पक्वान्न करणाऱ्या घरांनी त्याला आपला मानला, आणि त्यासाठी कोणाला न्यायालयात जावे लागले नाही.