तळटीप ३ : खांदेरी

३. झाई ते रेडी या किनाऱ्याच्या वर्णनात मूळ लेखात आलेले ‘केनरी’ म्हणजे खांदेरी. अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटे आहेत : किनाऱ्यालगतचे उंदेरी आणि त्यापलीकडचे खांदेरी. इंग्रजी कागदपत्रांत ही जोडी ‘हेनरी-केनरी’ अशी येते. ती माणसांची नावे नव्हेत. उंदेरी-खांदेरीचेच ते अपभ्रंश आहेत. त्यामुळे जुन्या नकाशांत बेटे शोधताना वाचकाने हे लक्षात ठेवावे.

खांदेरीवर दोन टेकड्या असून मधला भाग सखल आहे. मुंबई बंदराच्या तोंडावर नजर ठेवता येईल अशी ही जागा. म्हणूनच ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी येथे तटबंदीचे काम सुरू करताच मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी गलबते पाठवून नाकेबंदी केली. पण थळहून छोट्या होड्यांतून रसद पोहोचतच राहिली. उलट शह म्हणून जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावून तेथे तट बांधला.

खांदेरीवरील दीपगृह १८६७ मधले. बेटावर गाव नाही. वेताळाचे देऊळ मात्र कोळी समाजाच्या श्रद्धेचे ठिकाण आहे. १९९८ मध्ये बेटाला ‘कान्होजी आंग्रे बेट’ असे अधिकृत नाव मिळाले. तरीही किल्ल्याची ओळख खांदेरी हीच राहिली : भारतीय नौदलाच्या दोन पाणबुड्यांना हे नाव दिले गेले आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील बारा मराठा किल्ल्यांतही नोंद ‘खांदेरी’ अशीच आहे. प्रस्तुत आवृत्तीत सर्वत्र तेच रूप ठेवले आहे. — संपादक